जपानी भाषा आणि धम्माची अक्षरे



नागपूरच्या धम्मकार्याचा विषय निघाला की भदन्त सुरई ससाई यांचे नाव येतेच. ते जन्माने जपानी. मग आपल्यातले काहीजण अभिमानाने सांगतात, जपानी भाषा आपल्या पालीतूनच निघाली. बंधूंनो, हे खरे नाही. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. आपल्या अभिमानाच्या गोष्टीलाही तोच नियम लावला पाहिजे.

जपानीचे मूळ कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. ओकिनावाकडच्या बेटांवरच्या भाषा तिच्या बहिणी, एवढे नक्की. चिनी किंवा पाली तिची आई नव्हे. वाक्य मात्र आपल्याला ओळखीचे वाटेल. ‘मी भात खातो’ याला ते ‘वाताशी वा गोहान ओ ताबेरु’ म्हणतात. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी, प्रत्ययही शब्दाच्या मागे. पण खातो, खाते, खातात असा फरक नाही. बाई असो, बुवा असो, एक असो की दहा, ‘ताबेरु’च!

मग आपले नाते कुठे आहे? ते अक्षरांत आहे. सहाव्या शतकात कोरियातून धम्म जपानला पोचला. सूत्रे चिनी लिपीत होती, आणि जपानी प्रत्यय त्या लिपीत नीट बसेनात. म्हणून नवव्या शतकाच्या सुमारास चिनी अक्षरे सोपी करून हिरागाना आणि कताकाना या लिप्या तयार झाल्या. सूत्रांच्या ओळींत खुणा करता करता भिक्खूंनी कताकाना घडवली. त्यांची वर्णमाला आजही अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते, मग का, की, कु. हा क्रम भिक्खूंच्या भारतीय वर्णमालेच्या अभ्यासातून आला. ध्यानाचे झेन, निर्वाणाचे नेहान, बोधिसत्त्वाचे बोसात्सु झाले, तेही चीनमार्गे. ज्या कोयासानच्या विद्यापीठात २०१५ साली बाबासाहेबांचा पुतळा बसला, तो मठ ८१६ साली स्थापणारे भिक्खू कुकाई चीनमध्ये जाऊन संस्कृत शिकले होते.

उजनीचे पाणी कालव्याने लांबच्या शिवारात जाते, पण माती तिथली आणि पीकही तिथलेच. तसेच हे आहे.

आणखी एक गोष्ट माता-भगिनींसाठी. त्या काळी दरबारातले पुरुष चिनीत लिहिण्यात मोठेपणा मानत. चिनी विद्या बायकांचे काम नाही, अशी समजूत होती. त्या बायकांनी सोपी हिरागाना हाती घेतली. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या बाईने लिहिलेली ‘गेंजी’ची कथा आज जगभर वाचली जाते. विद्या नाकारलेल्यांच्या हाती अक्षर आले की काय होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण तिथेही सूत्रपठण जुन्या चिनी धाटणीचे, सामान्य माणसाला त्याचा अर्थ लागत नाही. आपले तरी काय? त्रिशरण-पंचशील आपल्याला तोंडपाठ आहे, पण ‘वेरमणी’ म्हणजे काय, असे पोराने विचारले तर किती घरांत उत्तर मिळेल? वेरमणी म्हणजे दूर राहणे. एवढेच, पण ते कळले पाहिजे. म्हणून माझी विनंती आहे, विहारात दर रविवारी वंदनेनंतर एका ओळीचा अर्थ मराठीत सांगावा, आणि तो मुलामुलींनीच उभे राहून सांगावा.

जय भीम! नमो बुद्धाय!