प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर आणि कंत्राटी कामगार

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-शेंद्र्यातील एखादा कारखाना प्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर घेऊ लागला, की विक्रेता बहुधा माणशी वार्षिक दर सांगतो. मग काटकसरीत पहिली नावे कोणाची गळणार? कंत्राटी कामगारांची, आणि प्रेस-मशीनवर हात घालावा लागतो तो बहुधा त्यांनाच! १९८७ साली कारखाने कायद्यात आलेल्या कलम १११-अ ने सुरक्षेचे प्रशिक्षण हा प्रत्येक कामगाराचा हक्क मानला होता. २००२ साली अवतरलेल्या मूडलसारख्या मुक्त प्रणालीला माणशी परवाना लागत नाही. सर्व्हर व देखभाल यांचा खर्च येतो, असे विक्रेते आवर्जून सांगतात आणि ते खरेच आहे. परंतु शंभर माणसे वाढली म्हणून परवान्याचे बिल वाढत नाही. खरेदीपूर्वी युनियनने व्यवस्थापनाकडून दोन आकडे लेखी मागावेत: प्रशिक्षणाच्या यादीत नावे किती आणि गेटवर हजेरी किती.