वाऱ्यावरून पोलादावर

हुबळी शहराच्या बाह्यवळण रस्त्यालगत तारिहाळची औद्योगिक वसाहत आहे. अशा वसाहतीतील एक दृश्य श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. एका लहान कारखानदाराच्या अंगणात 1998 सालची जुनी रेंज रोव्हर उभी आहे. रात्री ती चारही चाकांवर ताठ होती. सकाळी पाहावे तो बसू लागलेल्या म्हशीसारखी पुढच्या गुडघ्यांवर आलेली! घरात वृद्ध आई धारवाडला डॉक्टरांकडे जाण्यासाठी तयार होऊन बसलेली. मिस्त्रींना बोलावणे जाते. ते वाकून पाहतात आणि म्हणतात, "साहेब, टायरांत हवा आहे. गाडीच्या पोटातली हवा गेली आहे."

हे पोट म्हणजे काय? साध्या जीपचा भार पोलादी पाट्यांच्या कमानीवर असतो. या गाडीत मात्र प्रत्येक चाकापाशी रबराची एक हवाबंद पिशवी असते. एक लहान कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो, झडपा ती पिशव्यांना वाटून देतात, आणि गाडी किती उंच उभी आहे याची खबर चार संवेदक गणकयंत्राला पुरवीत राहतात.

हवेच्या अंगी कमानीचा गुण आहे, हे ज्ञान नवे नव्हे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी 1660 साली हवेच्या या लवचिकपणावर ग्रंथ लिहिला. आणि ज्या हवापंपाने त्यांचे प्रयोग झाले तो सिद्ध करण्यात त्यांचे तरुण साहाय्यक रॉबर्ट हुक यांचा हात होता. पुढे 1678 साली याच हुक यांनी धातूच्या स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला : जितका भार, तितका ताण. म्हणजे हवेची पिशवी आणि पोलादाचे वेटोळे ही एकाच प्रयोगशाळेच्या अंगणात वाढलेली भावंडे होत.

दोघांचे स्वभाव मात्र भिन्न. पोलादी स्प्रिंगवर दोन माणसे बसली तर ती थोडी दबते, सहा बसली तर अधिक दबते. हवेच्या पिशवीत दाब वाढविता येतो. म्हणून ओझे वाढले तरी गाडीची उंची तीच राखता येते. पुणे-बंगळूर मार्गावर धावणाऱ्या आरामगाड्या हवेवर तरंगत जातात त्या याचमुळे. मुंबईच्या नव्या लोकल गाड्यांतही हवेच्या स्प्रिंगा आहेत. तेथे तर रिकामा डबा आणि खच्चून भरलेला डबा यांत केवढे अंतर! तेव्हा हवेची योजना खोटी, असे कोणी समजू नये. जेथे ओझे सतत बदलते आणि देखभालीचे कारखाने हाताशी असतात, तेथे ती उत्तमच आहे.

परंतु रबराला वय असते. घडीच्या जागी त्याला बारीक चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर विश्रांतीवाचून धावतो आणि शेवटी तोही थकतो. रोग एका पिशवीचा. मरण साऱ्या यंत्रणेचे. सुटा भाग लांबून यायचा, तोवर गाडी अंगणात आणि आई घरात.

अशा वेळी मिस्त्री सुचवितात, "साहेब, पिशव्या काढू आणि पोलादी स्प्रिंगा घालू." यात कमीपणा नाही. 1970 साली पहिली रेंज रोव्हर बाजारात आली, ती चारही चाकांना पोलादी वेटोळी घेऊनच. हवेची योजना तिच्या वंशात 1992 च्या सुमारास शिरली. म्हणजे नातू आजोबांच्या वाटेने परत जातो, इतकेच.

मात्र जाणता मिस्त्री घाई करीत नाही. टाकीत टायरच्या कित्येक पट दाबाची हवा असते. ती बाहेर सोडल्यावाचून तो एकही नळी उकलत नाही. गाडी केवळ जॅकवर तोलून तो खाली शिरत नाही. चॅसीखाली भक्कम आधार देतो. स्प्रिंग निवडण्यापूर्वी तो विचारतो, "रोज किती माणसे बसतात? सामान किती असते?" फार कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला उडवील, फार मऊ स्प्रिंग भरल्या गाडीला बसवील. उंची बदलली तर ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही ना, हेही तो पाहतो. हवा गेल्याची वर्दी देत राहणाऱ्या गणकयंत्राची रीतसर समजूत घालतो. तारा तोडून दिवा विझवीत नाही. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलास 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मनाई करते. म्हणून परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घेण्यास तो मालकाला सांगतो.

या साऱ्याचे मर्म एकच. जुनी वस्तू काढताना ती कोणकोणती कामे मुकाट्याने करीत होती, त्यांची यादी आधी करावी. आणि प्रत्येक काम नव्या हाती सोपवावे. जे सोपविता येत नाही, त्याची किंमत उघड्या डोळ्यांनी मोजावी.

येथेही एक काम उरतेच. हवेची गाडी कळ दाबताच खाली बसे आणि म्हाताऱ्या माणसाला चढणे सोपे होई. पोलादाला ही नम्रता ठाऊक नाही. ते एकाच उंचीवर ताठ उभे राहते. मिस्त्रींच्या हे ध्यानात येते. काम संपल्यावर ते शेजारच्या सुताराकडून एक बुटकी, रुंद लाकडी पायरी करवून आणतात आणि गाडीच्या मागच्या भागात ठेवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रात्री होती तितकीच उंच असते. मुलगा पायरी खाली मांडतो, हात पुढे करतो. आई त्या पायरीवर पाऊल ठेवून सावकाश आत बसते, आणि गाडी धारवाडच्या रस्त्याला लागते.