साथीतले मतदान आणि वेचणीच्या बाया
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



१५ जानेवारी २०२१ चा दिवस आठवा. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, म्हणजे करीचा दिवस. ज्वारी हुरड्यात आलेली, कपाशीची शेवटची वेचणी चालू. (फरदड ठेवू नका म्हणून आम्हीच गावोगाव सांगत फिरतो, पण घरात पैसा नसला की बोंडअळीवरचे व्याख्यान कोण ऐकणार?) आणि कोरोना गेलेला नसताना राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागलेली.

आम्ही त्या दिवशी एका गावात शाळेसमोर दिवसभर होतो. व्हरांड्यात चुन्याची वर्तुळे आखलेली. दारात ताप बघायची बंदूक घेऊन आशाताई उभी. सकाळी साडेसात ते नऊ माणसे वर्तुळात नीट उभी राहिली. अकरा ते तीन केंद्रावर चिटपाखरू नव्हते. साडेचारला मात्र वेचणीच्या बाया आल्या. वेचणीची मजुरी किलोवर, दिवस मोडला तर पोटाला चिमटा. कापूस मोजून दिला आणि तशाच धावत आल्या. साडेपाचला दार बंद होणार म्हटल्यावर कसले वर्तुळ आणि कसले दोन हात अंतर? एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी मत दिले.

आता गंमत पाहा. गंमत कसली, घोरच. आजारी माणसाने मतदानाला कधी यावे, तर शेवटी, असा नियम होता. बिहारच्या निवडणुकीआधी, ऑगस्ट २०२० मध्ये, केंद्रीय निवडणूक आयोगाने नियम काढले ते तसे चांगले होते. एका केंद्रावर १,५०० ऐवजी १,००० च मतदार. रांगेऐवजी टोकन. बटण दाबायला हातमोजा. ताप दोनदा मोजायचा, दोन्ही वेळा भरला तर टोकन देऊन शेवटच्या तासाला बोलवायचे. मतदानाला एक तास वाढवूनही दिला. आपल्याकडेही आजाऱ्यांनी शेवटी यावे हाच शिरस्ता राहिला. म्हणजे ज्या वेळेला रोगी, त्याच वेळेला वेचणीच्या बाया. नियम करणारा माणूस वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने वेचणी पाहिलेली नव्हती, एवढेच.

मग काही भाऊ म्हणतात, साथीत निवडणूक घ्यायचीच कशाला? पुढे ढकला. ढकलली होती ना! ३१ मार्च २०२० ला सुमारे दीड हजार ग्रामपंचायतींचे मतदान ठरले होते, ते राज्य आयोगाने १७ मार्चला थांबवले. तेव्हा ते बरोबरच होते. रोग काय आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. पण पंचायतीची मुदत घटनेने पाच वर्षांची ठरवली आहे, त्यापुढे एक दिवस नाही. मुदत संपली की प्रशासक. जुलै २०२० मध्ये सरकारने काय केले? पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातली ‘योग्य व्यक्ती’ प्रशासक नेमायचा आदेश काढला. योग्य म्हणजे कोणाला योग्य, हे तुम्हाला सांगायला नको. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने सांगितले की सरकारी किंवा स्थानिक संस्थेचा नोकरच नेमा. मग विस्तार अधिकारी आले, एकेकाकडे कित्येक गावे. पुण्यामुंबईहून पोरे परत येत होती, शाळेत कोणाला ठेवायचे, पाणी कोणी पोचवायचे, असे प्रश्न दारात होते. आणि जाब विचारायला गावात निवडलेला माणूस नव्हता. ढकलण्याची चटकही लागते. २०२२ साली जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि पुढे वर्षानुवर्षे तिथे प्रशासकच बसले. ते कारण साथीचे नव्हते, आरक्षणाच्या खटल्यांचे होते. पण खुर्ची रिकामी राहिली तरी कारभार चालतो, हे सरकारला एकदा कळले की संपले.

तेव्हा निवडणूक घ्यायची. पण रोग पसरतो कुठे ते आधी नीट पाहा. मतदार केंद्रात पाच मिनिटे असतो, तोंडाला फडके बांधून. प्रचार चालतो पंधरा दिवस. त्या जानेवारीत शेतात हुरडा पार्ट्या, रात्री मटणाच्या पंगती, घरोघर दहा दहा माणसांची टोळकी. महिन्याभरात विदर्भात रोगाने डोके वर काढले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपुरात टाळेबंदी लागली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनेच रोग आणला, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. आम्ही तसे ठामपणे म्हणणार नाही. फवारणी केली आणि अळी कमी दिसली म्हणजे औषधानेच मेली, असे शेतात आपण धरत नाही; शेजारी न फवारलेला पट्टा ठेवावा लागतो. निवडणुकीला असा पट्टा ठेवता येत नाही. लग्नेही त्याच काळात झाली, बाजारही भरले.

पण सरकारचा न्याय कसा असतो ते पंढरपूर-मंगळवेढ्यात दिसले. मालदांडीचा मुलूख तो. आमदार भारत भालके कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने नोव्हेंबर २०२० मध्ये गेले, त्यांच्या जागी १७ एप्रिल २०२१ ला पोटनिवडणूक लागली. १४ एप्रिलच्या रात्रीपासून सगळ्या राज्याला निर्बंध. या मतदारसंघाला मात्र मतदान होईपर्यंत सूट! रोगाने मोठ्या माणसांच्या सभांसाठी तीन दिवस थांबावे, असे ठरले असेल. पश्चिम बंगालमध्ये तर आठ टप्पे. मोठ्या मिरवणुका आणि पाचशेवर माणसांच्या सभा आयोगाने बंद केल्या २२ एप्रिलला, म्हणजे सहाव्या टप्प्याचे मतदान झाले त्या संध्याकाळी. पीक कापून झाल्यावर राखणदार बसवला.

आणि ज्यांच्या जिवावर निवडणूक होते त्या नोकरांचे काय? उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मध्ये पंचायत निवडणूक झाली. शिक्षक संघाने मेलेल्यांची यादी दिली, १,६२१ नावांची. सरकारी खाते म्हणाले, तीन. तीन कसे? घरातून ड्यूटीवर निघाल्यापासून परत येईपर्यंत जो मेला तोच ड्यूटीवर मेला, असा नियम! रोग अंगात शिरून माणूस मरायला दोन-तीन आठवडे जातात, हे नियमाला माहीत नव्हते. आपल्याला हे नवे नाही. पावसाने पीक झोपले तर ७२ तासांत कळवा, नाहीतर नुकसान झालेच नाही, असे आपल्यालाही सांगितले जायचे. ओरड झाल्यावर ड्यूटीनंतरचे ३० दिवस धरायचे ठरले, तेव्हा दोन हजारांहून अधिक कुटुंबे ३० लाखांच्या मदतीला पात्र ठरली.

नीट करता येते का? येते. दक्षिण कोरियाने १५ एप्रिल २०२० ला देशाची निवडणूक घेतली. आधी दोन दिवस लवकर मतदानाची सोय, त्यामुळे गर्दी फुटली. ताप असलेल्याला वेगळी खोली. विलगीकरणातल्या लोकांचे मतदान बाकी सगळ्यांचे संपल्यावर, सहानंतर. ६६.२ टक्के लोकांनी मत दिले, संसदेच्या निवडणुकीत १९९२ नंतर सर्वांत जास्त. केंद्रांवरून रोग पसरल्याचे तिथल्या सरकारला आढळले नाही.

पुन्हा साथ येईल तेव्हा तहसीलदाराकडे घेऊन जायचा ठराव आज करायचा आहे. आजाऱ्यांचा तास वेगळा आणि सगळ्यांच्या नंतर. टोकन वस्तीवार, वेळ घालून. म्हाताऱ्यांना अकरानंतरचे, मजुरांना सकाळचे. २०२० च्या उन्हाळ्यात कापसाच्या गाडीला नोंदणी करून, निरोप येईपर्यंत थांबवता आले, तर माणसाला का नाही? सभा आणि पंगतींवर बंधन पहिल्या दिवसापासून, उमेदवाराला दंडासकट. नोकरांना नियमातच ३० दिवस.

एक काम मात्र तहसीलदाराचे नाही. वेचणी लावणारे आपणच इथे बसलो आहोत. बायांना सकाळचे टोकन मिळाले तरी सातलाच शेतात बोलावले तर त्या येणार संध्याकाळीच. दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो, दव उतरल्यावर वेचणी लावा, हे आम्ही एरवीही सांगतो. मतदानाच्या दिवशी नऊला लावा.