ओढेल हो, पण थांबेल का?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणावरून)



बैलजोडीची किंमत लाखाच्या पुढे गेली. वेचलेला कापूस पांदण रस्त्याने घरी आणायचा, कडबा गंजीपर्यंत पोचवायचा, तर गाडी हाकायला माणूस मिळत नाही. अशा वेळी कोणीतरी येऊन सांगतो, शहरातल्या क्लबातली, हॉटेलातली जुनी बॅटरीची गाडी स्वस्तात मिळते. मागे ट्रेलर जोडा, सात क्विंटल माल आरामात ओढते. डिझेल नको, वैरण नको.

हे खरे किती आणि खोटे किती, याचा हिशेब आज मांडू. हिशेब चौथी-पाचवीच्या पोराला जमेल असा आहे. तो न मांडता पैसे मोजले तर नुकसान आपलेच, आणि उतारावर जीव जाईल तोही आपलाच.

ही गाडी कोणासाठी बनली?

गोल्फ हा मैदानात मैलोगणती चालत खेळायचा खेळ. चालायचे नाही त्यांच्यासाठी ही गाडी निघाली. मोठ्या रेल्वे स्टेशनच्या फलाटावर म्हाताऱ्याकोताऱ्यांना नेणारी गाडी याच जातीची. दोन-चार माणसे आणि त्यांच्या पिशव्या, एवढ्या मापाने ती बांधलेली असते.

बॅटरीवर ओझे वाहता येत नाही असे मात्र नाही. कॅलिफोर्नियात १९४९ साली टेलर नावाच्या एका कोंबड्या पाळणाऱ्याने आपल्या फार्मवरच्या कामासाठी बॅटरीची गाडी बनवली. त्यातून टेलर-डन ही कंपनी उभी राहिली आणि कारखान्यांत, गोदामांत माल ओढणाऱ्या गाड्या बनवू लागली. इंग्लंडात दूधवाल्यांनी कित्येक वर्षे बॅटरीच्या गाड्यांतून दारोदार दूध पोचवले. पण त्या गाड्या ओझ्यासाठीच बांधलेल्या होत्या. आस मजबूत, चाल हळू, ब्रेक त्या मापाचे. फरक इथे आहे.

ओढीचा हिशेब

गाडी बॅटऱ्यांसकट ५०० किलो, चालवणारा ७०, रिकामा ट्रेलर २०० आणि कापूस ७०० किलो. झाले १४७०, आपण १५०० धरू. चांगल्या डांबरी रस्त्यावर शंभर किलोमागे साधारण दोन किलोची ओढ लागते. म्हणजे ३० किलो. कोरड्या पांदणीत शंभराला पाच धरा, ७५ किलो. भुसभुशीत रानात शंभराला बारा ते पंधरा, म्हणजे १८० ते २२५ किलो. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत हा हिशेबही उरत नाही. आणि दहा फुटांत एक फूट चढ असेल तर शंभरामागे आणखी दहा किलो वाढतात. डांबरी रस्ता असला तरी ओढ १८० किलोवर जाते.

विकणारा तुम्हाला गाडी दाखवतो ती आपल्या सपाट फरशीवर. तिथे तीस किलोचे काम असते.

आता बैलांशी ताडून पाहा. आठशे किलो वजनाची जोडी दिवसभर ऐंशी किलोच्या आसपास ओढ देते. ताकद म्हणाल तर एक हॉर्सपॉवरच्या आतबाहेर. गोल्फच्या गाडीची मोटर तीन ते पाच हॉर्सपॉवरची. कागदावर मोटर बैलांना भारी पडते. पण १८० किलो ओढत ताशी दहा किलोमीटर जायला साडेसहा हॉर्सपॉवर लागते. मोटर तेवढी ताकद थोडा वेळ देते आणि तापते. करंट दुप्पट झाला की तारांतली उष्णता चौपट होते, आणि मोटर हळू फिरत असली की थंड व्हायला वाराही मिळत नाही. थकलेला बैल थांबून तुम्हाला सांगतो. मोटर सांगते तेव्हा जळका वास आलेला असतो.

यावर मिस्त्री म्हणेल, मोठा कंट्रोलर बसवू. मूळचा साधारण अडीचशे-तीनशे अँपिअरचा असतो, चारशेचा बसवला की जोर वाढतो हे खरे. पण त्याबरोबर जाड केबल, मोठा सोलेनॉइड, घट्ट जोड हे सगळे लागते. नाहीतर सगळ्यात कच्चा जोड आधी वितळतो.

चाकाची पकड

मोटरला जोर असून भागत नाही, चाकाने जमीन धरली पाहिजे. चालवणाऱ्यासकट ५७० किलोच्या गाडीत मागच्या चाकांवर फार तर ३४० किलो भार असतो. कोरड्या डांबरावर एवढ्या भाराला दोनशे किलोच्या वर ओढ मिळते. ओल्या काळ्या मातीत ८५ किलोच्या आसपासच मिळते. लागणार आहेत दोनशे. चाक जागच्या जागी फिरेल आणि गाडी रुतेल. मग काढायला शेजाऱ्याची बैलजोडीच बोलवावी लागेल.

ट्रेलर भरताना बैलगाडीचाच नियम पाळा. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. इथे उलाळ झालेला ट्रेलर मागची चाके उचलू पाहतो, पकड जाते आणि ट्रेलर झोके खातो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा आकड्यावर यावा. त्याहून फार जास्त झाला तर पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळत नाही.

खरा प्रश्न उताराचा

सगळे विचारतात, किती ओढते? मी विचारतो, किती थांबवते?

या बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रेलरला तर नसतातच. दहाला एक उतारावर ९०० किलोचा भरलेला ट्रेलर गाडीला मागून सत्तर किलोचा रेटा देतो. ब्रेक दाबला की गाडी आडवी होते आणि ट्रेलर अंगावर येतो. बैल उतारावर जू मागे रेटून गाडी धरतात. जुन्या पद्धतीची सिरीज मोटर तसे धरत नाही. नंतरच्या काही गाड्यांत मोटर उतारावर वेग आवरते, पण तिचे मापही गोल्फच्या मैदानाचेच.

युरोपातला नियम असा की बिनब्रेकचा ट्रेलर, मालासकट, ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जड नको, आणि कितीही मोठी गाडी असली तरी ७५० किलोच्या वर नको. आपल्या गाडीला हा नियम लावा. निम्मे म्हणजे २८५ किलो. शंभर किलोचा हलका ट्रेलर घेतला तरी माल उरला १८५. सात क्विंटलचे पावणेदोन झाले! आपल्याकडेही केंद्राच्या २०१४ च्या नियमांत ई-कार्ट या वर्गाला माल ३१० किलोच दिला आहे. आणि क्लबातली जुनी गाडी रस्त्यासाठी नोंदलेलीच नसेल, तर डांबरीवर अपघात झाल्यावर विमा कोण देणार?

बॅटरीचा हिशेब

४८ व्होल्ट, २२५ अँपिअर-अवरचा शिसे-ॲसिडचा संच म्हणजे कागदावर पावणेअकरा युनिट. त्यातले निम्मेच वापरावे. रोज तळ गाठला की बॅटरी लवकर मरते. म्हणजे हातात साडेपाच युनिट. सात क्विंटल भरून कोरड्या पांदणीत किलोमीटरला जवळजवळ पाव ते तीन दशांश युनिट जाते, भुसभुशीत रानात पाऊण युनिटापर्यंत. शिवाय करंट जास्त ओढला की बॅटरी लिहिल्याइतकी वीज देतच नाही. लिथियमची बॅटरी हलकी, पण मर्यादेबाहेर करंट ओढला की ती आपोआप बंद पडते. ते नेमके चढावर झाले तर काय, याचा विचार करा.

विजेचा खर्च डिझेलपेक्षा कमी येतो, यात शंका नाही. पण बॅटरी बदलण्याचा खर्च वर्षांवर वाटून त्यात धरा. हंगाम दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. बाकीचे महिने गाडी उतरलेल्या बॅटरीसकट कोपऱ्यात पडली तर पुढच्या दसऱ्याला बॅटरी मेलेली सापडेल. चार्ज करून ठेवा, डिस्टिल्ड पाणी बघत राहा.

मग घ्यायची की नाही?

कोरडी, सपाट वाट आणि दोन क्विंटलपर्यंत माल असेल तर ही गाडी कामाची आहे. फवारणीच्या पाण्याचा दीडशे लिटरचा पिंप, युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या, दिवसाच्या वेचणीतला थोडा थोडा कापूस, यासाठी खुशाल वापरा. जास्त न्यायचे तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत.

पैसे देण्याआधी गाडी आपल्या वाटेवर आणा आणि माल काट्यावर तोलून भरा. चढावर थांबवून पुन्हा निघते का ते पाहा. चढताना ४८ व्होल्टच्या संचाचा मीटर ४२ च्या खाली उतरला तर बॅटरी थकली आहे असे समजा. दहा मिनिटे चालवून गाडी बंद करा आणि केबलचे जोड किती तापले ते बघा. उताराची परीक्षा मात्र आधी रिकाम्या ट्रेलरने, मग थोडा थोडा माल वाढवत, आणि ट्रेलरवर कोणी बसलेले नसताना घ्या.

विकणारा या परीक्षेला तयार नसेल, तर सौदा तिथेच मोडा.