उत्तरध्रुवाचा पुणेरी खर्डा

ध्रुवप्रदेशाविषयीचा संशोधनपर मजकूर विद्वानांपुढे ठेवण्यापूर्वी त्यावर किती संस्कार व्हावे लागतात, याचा दाखला पुणे शहरातच आहे. वेदकालनिर्णयावरील ‘ओरायन’ हा लोकमान्य टिळकांनी १८९२ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेकरिता लिहिलेला निबंध इतका विस्तारला, की वृत्तांतात त्याचा केवळ गोषवाराच छापला गेला, आणि मूळ मजकूर १८९३ साली पुस्तकरूपाने निघाला. पृष्ठमर्यादेचा जाच आजकालचा नव्हे! पुढे राजद्रोहाच्या शिक्षेत, संस्कृतपंडित माक्स म्युल्लरने धाडलेली ऋग्वेदाची प्रत तुरुंगात वाचीत असता, सूर्योदयापूर्वी दिवसानुदिवस रेंगाळणाऱ्या उषेची वर्णने त्यांना उत्तरध्रुवाकडे बोट दाखवू लागली, आणि तैत्तिरीय संहितेतील तीस उषांचा मेळही त्यांनी तेथील दीर्घ अरुणोदयाशी घातला. वेदांचे मूळ उत्तरध्रुवाशी जोडणारा हा सिद्धांत आज बहुतेक विद्वानांस मान्य नाही, हे खरे. परंतु १८९८ अखेर त्यावरील ग्रंथाचा पहिला खर्डा सिद्ध असूनही तो छापखान्याकडे रवाना करण्याची घाई न करता, मद्रास, कलकत्ता, लाहोर, बनारस येथील पंडितांशी त्यांनी खल केला, हिमयुगाविषयीची भूस्तरशास्त्राची नवी मते पडताळली, आणि मगच १९०३ साली तो ग्रंथ केसरी कचेरीतून प्रसिद्ध झाला.