बुधवारातून निघताना



आपल्या पुण्यात पेठांना वारांची नावं आहेत. कोकणात एका समाजालाच वाराचं नाव पडलं होतं. अलिबागच्या आसपास तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काही केल्या घाणा जुंपत नसत. गावाने त्यांना नाव ठेवलं, शनिवार तेली. हेच आपले बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं. गाव सुटलं, तरी 'कर' सुटला नाही.

पुण्यातला ज्यूंचा वारसा बघायचा म्हटलं की लोक रिक्षा करून थेट कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग, गाठतात. मी म्हणेन, पाच-सात जण जमवा आणि बुधवारातून पायी निघा.

सुरुवात अप्पा बळवंत चौकातून करा. पुस्तकांच्या त्या गर्दीत एका जुन्या पुस्तकाची आठवण काढा. 1874 साली पुण्यात, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात, हग्गादा छापली गेली. ज्यूंचे पूर्वज इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची ही कथा वल्हांडण सणाच्या रात्री घरादाराने एकत्र बसून वाचायची असते. या पुस्तकात हिब्रूच्या जोडीला मराठी आहे. चित्रात सणाच्या बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका आहेत, आणि त्या साडी नेसलेल्या आहेत! सणांची जुनी नावंही अशीच घरची. योम किप्पूरला दिवसभर दार लावून उपास करायचा, म्हणून तो 'दारफळणीचा सण'.

लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे जाऊन रास्ता पेठेत वळा. तिथे बेने इस्राएलांचं 'सुक्कथ शेलोमो' हे 1921 सालचं प्रार्थनामंदिर आहे. जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेली, ती 'जुनी मशीद'.

लाल देऊळ शेवटी. ते बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनचं. काम 1863 मध्ये सुरू झालं, पुरं झालं 1867 मध्ये. मधेच, 1864 साली, ससून पुण्यात वारले. सुमारे 90 फुटी मनोरा त्यांना पुरा झालेला दिसला नाही. त्यांची कबर त्याच आवारात आहे. मनोरा पाहून अनेकांना ते चर्चच वाटतं.

जाण्याआधी परवानगी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा, आणि शनिवारी जाऊ नका. तो विश्रांतीचा वार, घाण्याच्या काळापासून पाळलेला.

आणखी एक. सामुदायिक प्रार्थना पुरी व्हायला परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला 'मिन्यान' म्हणतात. 1948 नंतर कितीतरी कुटुंबं इस्राएलला गेली. तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. भाषा सोबत गेली. इथल्या बाकांवरची माणसं मात्र कमी झाली.

तेव्हा आत गेल्यावर खांब, झुंबरं बघाच, पण एकदा आपल्याबरोबरची माणसंही मोजा. फिरायला निघालेली दहा माणसं म्हणजे लहानसा गट. त्या बाकांवर तेवढीच जमली, तर प्रार्थना सुरू होते.