विद्यापीठांतील मातीचें शिक्षण

मातीची परीक्षा कशी करतात, असें शहरांतील एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारलें, तर तो बहुधा सांगेल कीं, शेतांतील थोडी माती पिशवींत भरून प्रयोगशाळेकडे धाडावयाची आणि तेथून येणारे आंकडे वाचावयाचे. हें उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. माती जागच्या जागीं खणून, थराथरानें पाहावी लागते. महाराष्ट्रांतील विद्यापीठांत पहिल्या विद्येला जें स्थान आहे, तें दुसरीला अद्याप लाभलेलें नाहीं. आणि या उणिवेची किंमत अखेर शेतकऱ्यास द्यावी लागते.

या शास्त्राचीं कुळें दोन. पहिलें जर्मन. लीबिग या रसायनज्ञानें १८४० मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, वनस्पति आपलीं खनिज द्रव्यें जमिनींतून घेतात. तेव्हांपासून माती हें पिकाच्या अन्नाचें कोठार मानलें गेलें व त्या कोठाराचा जमाखर्च ठेवणें हें रसायनज्ञाचें काम ठरलें. दुसरें कुळ रशियन. दोकुचायेव याचा रशियांतील काळ्या मातीवरील ग्रंथ १८८३ मध्यें प्रसिद्ध झाला. माती म्हणजे खडकाचा नुसता भुगा नव्हे. खडक, हवामान, जीवसृष्टि, जमिनीचा चढउतार आणि काळ या पांचांच्या संयोगानें घडलेली ती स्वतंत्र वस्तु आहे, असा त्याचा सिद्धान्त. त्याचे अनुयायी आधीं कुदळ हातांत घेत, मग परीक्षानळी.

भारतांत पहिलें कुळ आधीं आलें. सरकारनें १८८९ मध्यें पाचारण केलेले व्होएल्कर हे रसायनज्ञ. १८९२ मध्यें नेमलेले लेदर हेहि कृषिरसायनज्ञच. पुण्यास १९०७ मध्यें कृषिमहाविद्यालय स्थापन झालें, त्याचे प्राचार्य हॅरल्ड मॅन हेहि रसायनज्ञ. कृषिविद्यापीठांत या विषयाच्या विभागाचें नांव आजहि मृदाशास्त्र व कृषिरसायनशास्त्र असें जोडनांव आहे, त्याचें मूळ या इतिहासांत आहे.

परंतु मॅन प्रयोगशाळेपाशीं थांबले नाहींत. नीरेच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी आलें, ऊंस आला आणि कांहीं वर्षांतच कित्येक उत्तम जमिनी पानथळ व खारवट होऊं लागल्या. मॅन व तम्हाणे यांनीं या जमिनींचा अभ्यास करून तो १९१० मध्यें प्रसिद्ध केला. भारी काळ्या जमिनींतून पाण्याचा निचरा मंद होतो. कालव्याचें पाणी सतत मिळूं लागलें म्हणजे भूमिगत पाण्याची पातळी वर येते; मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून तें पाणी पृष्ठभागापर्यंत चढतें, उन्हानें उडून जातें आणि त्यांतील क्षार मागें राहतात. रोग दिसतो तो वरच्या वीतभर मातींत. त्याचें मूळ मात्र कित्येक हात खालीं असतें. त्याच खोऱ्यांत पाडेगांव येथें १९३२ मध्यें ऊंस संशोधन केंद्र निघालें. तेथील बसु व शिरूर यांनीं खड्डे खणून, थर तपासून, कालव्याखालील जमिनींचें वर्गीकरण केलें व १९३८ मध्यें तें प्रसिद्ध केलें. दुसऱ्या कुळाची विद्या अशा रीतीनें नीरेच्या कांठीं पोंचली होती.

पुढें राहुरी येथें १९६८, अकोला येथें १९६९ आणि परभणी व दापोली येथें १९७२ मध्यें कृषिविद्यापीठें झालीं. नागपुरास १९७६ मध्यें मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. साधनें वाढलीं, परंतु विषय विखुरलेलाच राहिला. कृषिपदवीच्या विद्यार्थ्यास मातीचे मोजकेच विषय असतात. विशेष अध्ययन पदव्युत्तर वर्गांत. कालवा बांधणारा अभियंता माती शिकतो ती मुख्यतः भार सोसणारें द्रव्य म्हणून. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याचें लक्ष तिच्याखालील खडकाकडे असतें. ज्या जमिनीचा विचार या सर्वांनीं एकत्र करावयाचा, तिच्या कांठावर त्यांची गांठ क्वचितच पडते.

याचा परिणाम काय होतो? शासनानें २०१५ मध्यें सुरू केलेली मृदा आरोग्य पत्रिका पाहावी. सामू, विद्राव्य क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आदि बारा बाबी तींत असतात. ही माहिती उपयोगाची आहे. परंतु नमुना असतो वरच्या पंधरा-वीस सेंटिमीटर थराचा. खालीं चुनखडी आहे कीं मुरूम, मुळें कोठें अडतात, पाणी कोठें तुंबतें, हें त्या आंकड्यांवरून कळत नाहीं. तें सांगण्यास जाणता मनुष्यच लागतो, आणि तो घडविणें हें विद्यापीठाचें काम आहे.

उपाय फार खर्चाचा नाहीं. अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकापासून विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांची एक राष्ट्रीय स्पर्धा भरते. तींत विद्यार्थी खड्ड्यांत उतरून थर ओळखतात व जमिनीचा योग्य उपयोग सांगतात. येथेंहि कृषिपदवीच्या शेवटच्या वर्षीं विद्यार्थी कार्यानुभवासाठीं खेड्यांत जातात. त्या काळांत प्रत्येकानें एक खड्डा खणून त्याचें वर्णन लिहावें, त्या वर्णनाला परीक्षेंत गुण असावेत आणि अभियांत्रिकीचे व भूशास्त्राचे विद्यार्थीहि सोबत असावेत. वापसा, चोपण, बरड हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडून व मातीला हात लावूनच समजतात. चोपण झालेली जमीन सुधारण्यास चर खणावे लागतात, जिप्सम घालावें लागतें आणि वर्षामागून वर्षें वाट पाहावी लागते. कालव्याचें पाणी सोडण्यापूर्वीं खणलेला एक खड्डा एका सकाळचें काम आहे; तो वाचतां येणारा पदवीधर मात्र आधीं तयार असला पाहिजे.